तुटवडा आणि वाटणी : ब्रिटनमधील पावाचे रेशनिंग



ज्या देशात आपण संसार थाटले, त्या देशाने महायुद्धाच्या सहा वर्षांत पावावर एक दिवसही रेशन लावले नव्हते. ते लागले शांतता आल्यावर, २१ जुलै १९४६ रोजी. मजूर पक्षाचे अन्नमंत्री जॉन स्ट्रेची यांनी त्याची घोषणा जेमतेम साडेतीन आठवडे आधी केली. बेकरीवाले संतापले, गृहिणींच्या संघटनेने निषेध केला, चर्चिल यांनी संसदेत सरकारला धारेवर धरले.

कारण खरे होते. जगभर गव्हाची टंचाई होती. जर्मनीच्या ब्रिटिश विभागातील जनतेला जगवायचे होते, आणि हिंदुस्थानात पुन्हा दुष्काळाचे सावट होते. त्यासाठी ब्रिटनने आपल्या वाट्याचा काही गहू सोडला. वाटणीची पद्धत मात्र आपण समजून घेण्याजोगी आहे. सामान्य प्रौढ माणसाला आठवड्याला ९ 'ब्रेड युनिट', अंगमेहनतीचे काम करणाऱ्या पुरुषाला १५. मोठ्या पावाला ४ युनिट लागत. गर्भवती स्त्रीला नेहमीच्या प्रौढापेक्षा अधिक. घाम गाळणाऱ्याला जास्त भाकर, हा हिशेब आपल्या गावगाड्याने कधी मांडला होता काय? तिथे राबणाऱ्याच्या पदरी उरलेसुरले पडे.

या योजनेतून वाचलेला गहू फारसा नव्हता, अशी टीका पुढे झाली. ती आम्हांस रास्त वाटते. लोकांना विश्वासात घेण्यात सरकार कमी पडले. परंतु त्याच साम्राज्याने १९४३ साली बंगालमध्ये काय केले? कलकत्त्यातील कारखान्यांच्या कामगारांना धान्याची सोय लावली गेली. खेड्यांतील भूमिहीन मजूर आणि मच्छीमार उपाशी मेले. मृतांचा आकडा वीस ते तीस लाखांच्या घरात सांगितला जातो. खुद्द कलकत्त्यात पूर्ण रेशनिंग आले ते जानेवारी १९४४ मध्ये. मेलेल्यांच्या हाती मत नव्हते. लंडनच्या गृहिणीच्या हाती होते.

१९४६ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर अस्पृश्यांच्या राजकीय हक्कांची कैफियत घेऊन लंडनला आले, तेव्हा या शहरात पाव कुपनावर मिळत होता. येथील राज्यकर्ते स्वतःच्या जनतेपुरती समान वाटणी करीत असताना, आपल्या माणसांच्या वाट्याचा प्रश्न त्यांच्यासमोर मांडायचा होता.

पुढे १९४७ चा भयंकर हिवाळा, पूर आणि कोरडा उन्हाळा यांनी बटाट्याचे पीक बुडवले. नोव्हेंबरात बटाट्यावरही माणशी आठवड्याला ३ पौंडांची मर्यादा आली. पावाचे रेशन २४ जुलै १९४८ रोजी उठले. मांसाचे मात्र जुलै १९५४ पर्यंत चालले. आपल्यातील ज्या मायबहिणींनी १९७२ च्या दुष्काळात लाल मिलोच्या भाकरी थापल्या, त्यांना आम्ही या रांगांचे वर्णन अधिक काय करावे?