कावासे हासुई: ठशांतून उमटलेला जपान

जपानी छापचित्रं म्हटलं की होकुसाईंची उसळती लाट आठवते. आज ओळख करून घेऊ त्याच परंपरेतल्या कावासे हासुई यांची. त्यांचा जन्म तोक्योतला, १८८३ चा.

हासुई गावोगाव हिंडून डोंगर, समुद्रकिनारे, पाऊस आणि बर्फ रेखाटत. त्या रेखाटनावरून कुशल कारागीर लाकडी ठसे कोरी, वेगवेगळ्या रंगांसाठी वेगवेगळे. मग छापणारा ठशाला रंग लावून त्यावर हातकागद ठेवी आणि बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या चकतीनं तो पाठीमागून घाशी. ठशावरचा रंग एका बाजूला हलकेच पुसला, की संध्याकाळचं आभाळ गडद निळ्याकडून फिक्याकडे विरत जाई. या सगळ्यांची मोट बांधत प्रकाशक वातानाबे शोझाबुरो.

१९२३ च्या महाभूकंपानंतरच्या आगीत वातानाबेंचे ठसे आणि हासुईंच्या रेखाटनवह्या भस्मसात झाल्या. हासुई खचले नाहीत. ते पुन्हा प्रवासाला निघाले आणि १९५७ मध्ये निधन होईपर्यंत काम करत राहिले.

असं छापचित्र पाहाल, तेव्हा चित्रकाराच्या सहीबरोबर कोरणाऱ्या आणि छापणाऱ्या हातांनाही दाद द्या.