सणाच्या कामात विसाव्याची पाळी



गणेश चतुर्थी ते दिवाळी हे दोन महिने बहरीनमधल्या मुहर्रक, अराद, हिद्द, बुसैतीन इथल्या मराठी घरांत कसे जातात, हे एकदा दिनदर्शिका समोर ठेवून पाहायला हवे. बहरीनमध्ये २००६ पासून साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते. खासगी नोकरीतल्या अनेकांना त्यातला शुक्रवारच हाती लागतो. दिवाळीला इथे सार्वजनिक सुट्टी नाही. त्यामुळे नरकचतुर्दशी आठवड्याच्या मध्ये आली की पहाटे अभ्यंगस्नान, सात वाजता कामावर, संध्याकाळी लक्ष्मीपूजनाची तयारी, आणि मग तोच सण शुक्रवारी पुन्हा एकदा, हॉल घेऊन, सगळ्यांसाठी. एक सण दोनदा साजरा होतो आणि विश्रांतीचा म्हणून जो एक दिवस होता, तो खुर्च्या मांडण्यात आणि उचलण्यात जातो. शिवाय भारताचे घड्याळ इथल्यापेक्षा अडीच तास पुढे. पुण्याकोल्हापुरात पहाटे पाचला पहिली आंघोळ सुरू होते तेव्हा मुहर्रकमध्ये रात्रीचे अडीच वाजलेले असतात. व्हिडिओ कॉलवर तो क्षण गाठायचा तर झोप मोडावीच लागते. मला आज एवढेच मांडायचे आहे, की या दिवसांतली विश्रांती ज्याच्या-त्याच्या मर्जीवर सोडून चालत नाही. सणाची कामे आपण वाटून देतो, तशी विसाव्याची पाळीही आधीच ठरवून दिली पाहिजे.

सणाचा शीण मनावर घ्यायचा नसतो, तो आनंदाचा शीण असतो, असे आपल्याकडे म्हटले जाते. त्यात तथ्य आहे, पण शरीर हा भेद फारसा मानत नाही. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९८ ते २०१३ या काळातल्या सुमारे २ लाख ८३ हजार हृदयविकाराच्या झटक्यांची नोंद तपासली आणि निष्कर्ष २०१८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापले. नाताळच्या आदल्या दिवशी झटक्यांचे प्रमाण ३७ टक्क्यांनी वाढलेले दिसले, आणि सर्वांत जास्त झटके त्या रात्री दहाच्या सुमाराला आले. पंचाहत्तरी ओलांडलेले, मधुमेही आणि आधीच हृदयविकार असलेले लोक त्यात अधिक होते. हा थंडीचा परिणाम असेल, अशी शंका कोणालाही येईल. पण तुलना त्याच हिवाळ्यातल्या आधीच्या आणि नंतरच्या दोन आठवड्यांशी केलेली होती, त्यामुळे थंडीकडे बोट दाखवून हा आकडा उडवून लावता येत नाही. नेमके कारण या अभ्यासाने सिद्ध केलेले नाही. जड जेवण, जागरण, मनावरचा ताण असे तर्क आहेत. नाताळ आपला घरचा सण नसला, तरी जेवण, जागरण आणि ताण हे तिन्ही पाहुणे आपल्या दिवाळीतही असतात, आणि ज्यांच्या घरात मधुमेह आहे त्यांनी तरी हा आकडा लक्षात ठेवावा.

हा शीण सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. भारत सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ त्या बिनपगारी कामात जातो आणि पुरुषाचा ८८ मिनिटे, असे आढळले. ही नेहमीच्या दिवसांची सरासरी आहे. अनारशाचे पीठ आणि चकलीची भाजणी यांचा हिशेब वेगळा. आपल्या दिवाळीत शरीराची काळजी घेण्याचा एक सुंदर विधी मुळातच आहे: तेल, उटणे, ऊन पाणी. पण त्या विधीतले हात पाहा. चतुर्दशीला आई मुलांना तेल लावते, पाडव्याला बायको नवऱ्याला लावते आणि ओवाळते, भाऊबीजेला बहीण भावाला ओवाळते. तिला तेल कोण लावतो, या प्रश्नाला बहुतेक घरांत उत्तर नाही. ‘ती हौसेने करते’ हे त्यावरचे नेहमीचे उत्तर. हौस खरीच असते, आणि म्हणूनच काळजी वाटते. हौसेने काम करणारा माणूस आपण थकलो हे सर्वांत शेवटी ओळखतो.

थकलेल्याला थकवा कळत नाही, ही गोष्ट मुहर्रकला फार जुन्या काळापासून माहीत आहे. हे शहर मोत्यांवर उभे राहिले. बु माहिरच्या किल्ल्यापासून जुन्या व्यापाऱ्यांच्या वाड्यांपर्यंतचा सुमारे साडेतीन किलोमीटरचा मोत्यांचा मार्ग २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि इथले मोती मुंबईच्या बाजारात विकले जात. उन्हाळ्यात चार महिने गलबते समुद्रात असत. बुडी मारणाऱ्याला घैस म्हणत आणि त्याचा दोर धरून वर थांबणाऱ्याला सैब. घैस एक-दीड मिनिट तळाशी. दोराला हिसका बसला की सैबाने त्याला वर ओढायचे. काही बुड्यांनंतर एका गटाने थांबायचे, दुसऱ्याने उतरायचे. हा धंदा मुळीच गोड नव्हता. पाणबुडे अनेकदा नाखवाच्या कर्जात पिढ्यान्‌पिढ्या अडकलेले असत, कानांचे आणि डोळ्यांचे विकार त्यांच्या पाचवीला पुजलेले. तरीही एवढ्या कठोर धंद्यानेसुद्धा वर येण्याची जबाबदारी एकट्या पाणबुड्यावर टाकली नव्हती. त्यासाठी दुसरा माणूस नेमलेला होता आणि त्याचे लक्ष दोरावरून हलणे चालत नसे.

आजच्या बहरीननेही तोच धडा कायद्यात उतरवला आहे. २००७ पासून जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी बारा ते चार उघड्यावर उन्हात काम करायला बंदी आहे, आणि अलीकडे ही मुदत वाढवलीही गेली. ‘थकलात तर थांबा’ एवढे सांगून भागले असते तर बंदीची गरजच नव्हती; मुकादमासमोर थकलो म्हणायला कोणी धजत नाही. घरात मुकादम नसतो, सण तर आपण स्वखुशीने करतो, तिथे नियम कशाला, असा आक्षेप येईल. घरात मुकादम नसतो हे खरे, पण अपेक्षा असतात, आणि त्यांना बारा ते चारची मर्यादा घालणारे कोणी नसते.

सर्वांत वजनदार आक्षेप मुलांचा आहे. मुहर्रकमध्ये वाढणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला दिवाळी शेजारून, रस्त्यावरून, शाळेच्या वाटेवरून दिसत नाही. आईबापांनी केली तरच ती आहे. मग कमी करून कसे चालेल? हा प्रश्न मी हलक्याने घेत नाही. पण मुलाकडे काय पोचते तेही बघावे. आई दिवसभर ओट्यापाशी आणि संध्याकाळी चिडलेली, बाप मंडळाच्या फोनवर, एवढेच त्याने पाहिले तर सण पोचला कुठे? त्याला करंज्यांत सारण भरायला बसवा, कंदिलाच्या काड्या बांधायला द्या. काम थोडे वाकडे होईल, पण आईचा अर्धा तास वाचेल आणि सण त्याच्या हाताला लागेल. फराळाच्या ताटात नऊ पदार्थ हवेतच असे कोणत्याही शास्त्रात नाही. एक पदार्थ गाळून त्या जागी मुहर्रकचा केशराचा हलवा ठेवला, तर ताट उणे होत नाही. उलट ज्या गावात आपण राहतो त्या गावालाही फराळात जागा मिळते.

आणि ज्यांना दिवस मोकळा नसतोच, त्यांचे काय? विमानतळ चोवीस तास चालतो, इस्पितळांतल्या परिचारिका पाळीवर असतात, आणि त्यांतल्या कित्येकजणी पाळी संपवून शुक्रवारी हॉलवर पोळ्या वाढायला येतात. त्यांना ‘स्वतःची काळजी घ्या’ म्हणणे सोपे आहे. त्यापेक्षा मंडळाच्या पहिल्याच बैठकीत, कामांच्या यादीत प्रत्येक कामापुढे दोन नावे लिहावीत, दुसऱ्याने पहिल्याला कधी मोकळे करायचे ती वेळ लिहावी, रात्रपाळीहून येणाऱ्यांचे नाव त्या दिवशी फक्त जेवणाऱ्यांत असावे, आणि कार्यक्रमानंतरच्या शनिवारी कोणतीही आढावा-बैठक ठेवू नये.