सुटीतले रोस्टर

(बिलासपूरच्या रेल्वे कॉलनीत मंडळाच्या एप्रिलमधील पालकसभेत केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. रुळांच्या देखभालीतला डिप्लोमावाला इंजिनिअर. तरीही मुलांच्या सुटीवर बोलायला उभा आहे, कारण आपल्या घरांतली खरी अडचण पुस्तकात नसते. ती म्हणजे रात्रपाळी.

वडील सकाळी घरी येऊन झोपतात. आवाज नको म्हणून मुलांच्या हाती मोबाइल जातो. मे महिन्यात बाहेर ४५ अंशांची लू, म्हणजे अंगणही बंद. मग दुपारी तीन तास झोप, रात्री एकपर्यंत जागरण आणि सकाळी दहाला उठणे. महिनाअखेर अख्खे घर रात्रपाळीवर! आपल्याला निदान त्याचा पगार मिळतो.

अवेळी भूक, पित्त, चिडचिड हे सगळे आपण भोगलेले आहे. शरीरातले घड्याळ कसे चालते, या संशोधनाला २०१७ साली नोबेल मिळाले. हे घड्याळ मुख्यतः उजेडावर लागते. सकाळचा उजेड ते जागेवर आणतो, रात्री डोळ्यांसमोरचा पडदा झोप पुढे ढकलतो. म्हणून आमच्या घरी सुटीत सक्ती एकाच गोष्टीची आहे, उठण्याची वेळ सहा. रात्री दटावून मूल झोपत नाही. पण रोज सहाला उठलेले मूल थोड्या दिवसांत नऊला पेंगू लागते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते, तेव्हा हिशेब जुळतो.

उठले की थेट मैदान. रूळ तापण्याआधी काम उरकावे हे आमच्या ट्रॅकमनला सांगावे लागत नाही, तोच नियम मुलांना. दिवसाकाठी तासभर दमछाक होईल असा खेळ पुरे. आल्यावर ताक किंवा पन्हे. इथले शेजारी उन्हाळ्यात बोरे-बासी खातात, तीही मुलांना जरूर द्यावी. बाटलीतल्या रंगीत पाण्यापेक्षा केव्हाही बरी. अभ्यासाचे म्हणाल तर रोज अर्धा तास वाचन. सुटीतल्या शिकवण्यांवर माझा विश्वास नाही.

गावी आजीकडे गेल्यावर आमरस आणि चारपर्यंतची झोप, यावर मी बोलणार नाही. स्मरणिका माझी आईही वाचते.

उरते ती अकरा ते पाचची दुपार. वडील झोपलेले आणि दोन खोल्यांचे क्वार्टर. इथे एकट्या आईने किती सांभाळायचे? माझी सूचना अशी, की आठ-दहा घरांनी मिळून रोस्टर लावावे. ज्या घरी त्या आठवड्यात रात्रपाळी नाही, तिथे दुपारी मुले जमतील. पत्ते, सोंगट्या, गोष्टींची पुस्तके, पोहे निवडणेसुद्धा चालेल. मोबाइल त्या घराच्या कपाटात. पाण्याची बाटली ज्याची त्याने आणावी.

दाराशी वही ठेवली आहे. जाताना क्वार्टर नंबर आणि मे महिन्यातल्या आपल्या पाळ्या लिहून जा. पहिला आठवडा आमच्याकडे.