माध्यमे बदलतील, आपण काय जपणार?

(हीरक महोत्सवातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



महोत्सवात मागे वळून पाहण्याची प्रथा आहे. मी आज पुढे पाहण्याची अनुमती मागते. विषय आहे समाजमाध्यमांच्या भवितव्याचा.

आपल्यापैकी अनेकांना ऑर्कुट आठवत असेल. २००४ साली ते सुरू झाले, भारतात विलक्षण लोकप्रिय झाले आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद पडले. एका विद्यार्थ्याने पहिलीतून दहावीपर्यंत जावे, एवढेच त्याचे आयुष्य! भारतीय भाषांसाठी उभे राहिलेले ‘कू’ही २०२४ मध्ये थांबले. आजची माध्यमेही चिरंजीव नाहीत.

त्यांचे अंतरंगही पालटत आहे. पूर्वी तेथे आपण निवडलेल्या स्नेह्यांची वार्ता येई. आता आपण कोणत्या चित्रफितीवर किती वेळ रेंगाळलो, हे टिपून यंत्रणाच पुढचे ताट वाढते. कृत्रिम बुद्धिमत्ता तर चेहरा आणि आवाजही घडवू लागली आहे. समोर बोलणारा खरोखर माणूस आहे काय, हे पारखणे उद्याच्या शिक्षणाचा भाग होईल.

शासनव्यवस्था जाग्या होत आहेत. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांच्या खात्यांना प्रमुख माध्यमांवर प्रतिबंध केला. आपल्या देशाच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणविषयक कायद्यातही, अठरा वर्षांखालील मुलांची माहिती हाताळण्यासाठी पालकांच्या पडताळून पाहता येईल अशा संमतीची तरतूद आहे. परंतु पालकहो, न वाचता दिलेली संमती म्हणजे साक्षराने उमटवलेला अंगठाच होय.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासाठी प्रश्न अधिक नाजूक आहे. येथे बाजारात, बसमध्ये, मैदानावर दुसरी भाषा असते. मुलांच्या कानी मराठी पडते ती मुख्यतः घरात आणि वर्गात. त्यातील घराची संध्याकाळ पडद्याने घेतली, तर शाळा एकटी किती पुरी पडणार? मात्र दूर गावच्या आजीचा चेहरा रोज दाखवतो तोही हाच पडदा. म्हणून मी त्याच्या त्यागाचा नव्हे, विवेकाचा आग्रह धरते.

पालकांनी रोज थोडा वेळ मुलांसह पडदा पाहावा आणि मराठीतून तीन प्रश्न विचारावेत : हे कोण सांगतो आहे? त्याला हे कशावरून कळले? आणि हे माझ्यापुढेच का आले?

माजी विद्यार्थ्यांना विनंती अशी, की आपल्या गटांवर फिरणारी शाळेची छायाचित्रे छापून घ्या, मागे नावे व वर्ष लिहा आणि ती शाळेच्या ग्रंथालयाकडे सोपवा. सोबत आठवणींचे एक पान स्वहस्ते लिहा. आमची मुले ते वाचतील, आपल्याला उत्तरे पाठवतील.

माध्यमे येतील, जातील. साठ वर्षे ज्या नात्याने ही वास्तू उभी ठेवली, ते नाते जपण्याचे काम मात्र कोणत्याही यंत्रणेवर सोपवता येणार नाही. ते आपलेच आहे.