रिकामी न झालेली पिक्चर ट्यूब



इतकी वर्षं मी सॉफ्टवेअरमध्ये काढली, पण आज बोलणार आहे एका शटरवाल्या टीव्हीबद्दल. त्यात माझी एक चूक आहे, आणि ती जिला भोवली ती मैत्रीण इथेच तिसऱ्या रांगेत बसली आहे.

दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती. तेव्हा आपल्या पैठण रोडवर, चितेगावला टीव्ही बनायचे, म्हणून की काय, औरंगाबादेत प्रत्येकजण स्वतःला अर्धा मेकॅनिक समजायचा. मीही. हिच्या घरचा बंद पडलेला टीव्ही आम्ही मागून उघडला. पिक्चर ट्यूब म्हणजे एक कपॅसिटरच, हे मी कुठेतरी वाचलं होतं. मध्ये काच, आतून-बाहेरून वीजवाहक लेप. १७४६च्या सुमारास गाजलेल्या लायडनच्या बरणीसारखंच. मी वायर बांधलेला स्क्रूड्रायव्हर रबरी टोपीखाली सारला. टक्कन ठिणगी पडली. "झाली रिकामी," मी ऐटीत म्हणाले.

चहा पिऊन आलो. हिने टोपीखाली बोट लावलं आणि हात असा झटक्यात मागे गेला की कोपर खिडकीच्या कडेवर आपटलं, रक्त आलं. मी काय म्हणाले? "त्यात काही नव्हतंच, तू उगाच घाबरलीस."

इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये एक मोठा कपॅसिटर शॉर्ट करून सोडला, तर मीटरचा काटा हळूहळू पुन्हा वर चढू लागला. तेव्हा मला ते कोपर आठवलं. कपॅसिटर म्हणजे पाण्याची टाकी, नळ सोडला की संपली, अशी आपली समजूत. पण टाकीपेक्षा तो ओल्या स्पंजासारखा आहे. प्लेट्सवरचा चार्ज क्षणात जातो. मधल्या काचेतले रेणू मात्र विजेच्या ओढीने कललेले असतात, ते सावकाश सरळ होतात आणि तसतसा प्लेट्सवर पुन्हा व्होल्टेज दिसू लागतो. ही वीज बाहेरून येत नाही, आधी भरलेलीच असते. कूलर-पंख्याच्या प्लास्टिक फिल्मच्या कपॅसिटरमध्ये हे फार थोडं होतं. तिथला झटका बहुधा मुळात रिकामाच न केल्याचा. म्हणून मोठे कपॅसिटर ठेवून देताना दोन्ही टोकांना वायर बांधूनच ठेवतात.

हे कळूनही मी तिला सांगितलं नाही. आज सांगते: त्यात होतं. तू घाबरट नव्हतीस.

माळ्यावर कुणाचा जुना टीव्ही असेल तर तो उघडू नका. कोपरावरची खूण अजून आहे, मघाशी चहाच्या वेळी पाहिली.