विद्यार्जन आणि निवारा



आपल्याच हातकणंगले तालुक्यातील कुंभोजला १८८७ साली जन्मलेले भाऊराव पाटील शिक्षणासाठी कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. तेथील नियमांशी न जुळल्याने ते सोडावे लागले, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आसरा दिला. पुढे १९२४ साली त्याच भाऊरावांनी साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह उघडले.

आज कबनूरचे पदवीधर पदव्युत्तर शिक्षणासाठी परगावी जातात. अभ्यासक्रम निवडताना शुल्काबरोबरच खोलीचे भाडे, महाविद्यालयाचे अंतर व भोजनाची सोय पाहावी. वसतिगृहाची चौकशी प्रवेशापूर्वीच करावी. ऐपत नसलेल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या निवासाचा भार दात्यांनी उचलावा, हेच कर्मवीरांचे यथार्थ स्मरण होय.

जय जिनेंद्र!