आजीची जिवाणी



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगलप्रसंगी माझ्या पूज्य आजीचे पुण्यस्मरण करते.

१९७२ च्या दुष्काळात शिरूरच्या विहिरींनी तळ गाठला होता. एका घागरीसाठी तासन्‌तास तिष्ठावे लागे. तरीही दुहेरी कापडातून गाळल्यावाचून आजीने पाणी वापरले नाही. गाळलेल्याच पाण्याने ते कापड खळबळून, त्यातील सूक्ष्म जीवांसह ती जिवाणी त्याच विहिरीत अलगद सोडून येई. “टंचाईत पाणी परत का देता?” असे कोणी विचारल्यास म्हणे, “तहान त्यांनाही आहे.”

आज घरोघरी नळ आहेत. जिवाणी सोडावी अशा विहिरी मोजक्याच उरल्या. त्या राखणे, हीच आजीला खरी आदरांजली ठरेल.

जय जिनेंद्र!